'लॉयल्टी'ची कमाई : सिंदिया जहाज कंपनीच्या हिशेबातून चार धडे

व्यापारात पाऊल टाकणे सोपे, पाय रोवून उभे राहणे कठीण. एका दुकानाची चार दुकाने, एका मागाचे दहा माग कसे होतात, आणि झालेले टिकतात कसे, हा प्रश्न प्रत्येक व्यापारी व कारागीर बंधूच्या मनात असतो. त्याच्या उत्तरासाठी आज आम्ही एका जहाज कंपनीचा हिशेब वाचकांसमोर मांडत आहोत.

अमरावती-अकोल्याला समुद्र नाही, मग जहाजाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि वऱ्हाडच्या रुईच्या गठाणी थेट मुंबईच्या बंदरावर जाऊ लागल्या. १८७० साली खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावला येऊन तेथील रेल्वे फाट्याचे व कापूस बाजाराचे उद्घाटन केले. कापूस आमच्या काळ्या मातीतला, मेहनत आमच्या शेतकऱ्याची. पण समुद्रावरचे भाडे ठरविणारा मात्र इंग्रज. भाडे वाढले की त्याचा बोजा फिरत फिरत कापसाच्या भावावरच येई.

आधीच्यांचे काय झाले?

या मक्तेदारीला तोंड देण्याचा प्रयत्न नागपूरच्या एम्प्रेस मिलचे संस्थापक जमशेटजी टाटा यांनी केला. मुंबईहून चीन-जपानकडे जाणाऱ्या सुताचे व रुईचे भाडे पी. अँड ओ. या इंग्रज कंपनीच्या हातात होते. टाटांनी १८९३-९४ च्या सुमारास जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी हातमिळवणी करून आणि जहाजे भाड्याने घेऊन 'टाटा लाईन' सुरू केली. पी. अँड ओ. ने काय करावे? टनाला १९ रुपये असलेले भाडे दीड रुपयाच्या आसपास आणले. अट एवढीच, की टाटांच्या जहाजात माल चढवायचा नाही. स्वस्त भाडे पाहून आपलेच व्यापारी तिकडे वळले आणि टाटा लाईन बंद पडली. मग जुने भाडे परत आले!

दुसरा प्रयत्न १९०६ साली दक्षिणेत तुतिकोरीनला झाला. व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिचे शेअर घेणाऱ्यांत हाजी मोहम्मद बाकर सेठ हे मोठे नाव होते. त्यांनी दोन लाख रुपये घातले. 'गॅलिया' आणि 'लावो' ही दोन जहाजे आली. समोर ब्रिटिश इंडिया कंपनी होती. तिने तिकीट घटवीत घटवीत अगदी नाममात्र केले. १९०८ साली चिदंबरम तुरुंगात गेले आणि १९११ साली कंपनी मोडीत निघाली.

वाचकांच्या लक्षात येईल की या दोन्ही ठिकाणी हिंमत कमी नव्हती. कमी पडली ती दोन गोष्टींत : तोटा सोसून दम धरण्याची ताकद आणि गिऱ्हाइकाची वफादारी.

एक जुने जहाज

१९१९ च्या मार्च महिन्यात मुंबईला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदविली गेली. सोलापूरचे वालचंद हिराचंद, मुंबईचे नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास ही मंडळी तिच्यामागे होती. पहिले जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतले, म्हणून कंपनीचे नाव सिंदिया. जहाजाचे नाव 'लॉयल्टी', म्हणजे आपल्या भाषेत वफादारी. ते १८९१ साली बांधलेले, म्हणजे खरेदीच्या वेळी २८ वर्षांचे. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मान मिळाला, पण पैसा मिळाला नाही. परतीचा माल मिळणे मुश्कील, दुरुस्तीचा खर्च मोठा. १९२३ साली ते जहाज भंगारात गेले. कंपनी मात्र भंगारात गेली नाही, याचे कारण भांडवल. संस्थापकांनी साडेचार कोटी रुपयांच्या भांडवलाची योजना आखली होती. त्यामुळे पहिली खेप तोट्यात गेली तरी पेढी बसली नाही. विलायतेचा मार्ग परवडत नाही हे पाहून त्यांनी मालवाहू जहाजे घेतली आणि रंगूनचा तांदूळ, कोळसा, मीठ अशा किनाऱ्यावरच्या मालाकडे मोर्चा वळविला.

येथेही ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे पाडले. तिचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांनी सिंदिया विकतच मागितली. भागधारकांनी नकार दिला. मग १९२३ साली दहा वर्षांचा करार झाला : सिंदियाने किनाऱ्यापुरतेच राहावे, उतारू घेऊ नयेत आणि ताफा ७५,००० टनांच्या वर नेऊ नये. करार अपमानाचा होता. पण त्याने कंपनीला श्वास घेण्यास वेळ दिला. त्या वेळात तिने कामगार, कप्तान आणि गिऱ्हाईक कमावले.

रोखून धरलेली सूट

परदेशी कंपन्यांचे खरे हत्यार समजून घेण्यासारखे आहे. भाड्यावर सूट द्यायची, पण ती लगेच हातात ठेवायची नाही. काही महिने आपल्याकडे जमा ठेवायची. त्या मुदतीत व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या जहाजात एक जरी गठाण चढविली, तर साऱ्या मालाची सूट बुडाली! नवा जहाजवाला भाडे कितीही कमी करो, व्यापारी अडकलेल्या पैशामुळे हलू शकत नसे. १९२८ साली केंद्रीय कायदेमंडळात साराभाई नेमचंद हाजी यांनी किनाऱ्याची वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. ही सूट बंद व्हावी अशीही त्यांची मागणी होती. किनारा देशी जहाजांना मिळाला तो स्वातंत्र्यानंतर.

वाढ, आग आणि पुन्हा वाढ

दहा वर्षांच्या कराराचा काळ सरल्यावर सिंदियाने उतारूंच्या वाहतुकीतही पाऊल टाकले. १९३७ पासून 'अल मदिना' आणि 'अल हिंद' ही नवी जहाजे हज यात्रेच्या मार्गावर आणली. तेथे मोगल लाईनची जुनी सत्ता होती. दोघांत स्पर्धा लागली आणि तिकीट उतरले.

मग महायुद्ध आले. 'अल मदिना' मार्च १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडविले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, त्यात 'अल हिंद' आणि 'जलपद्म' गेले. तरी कंपनी खचली नाही. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला तिच्या जहाज कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली होती. तेथे बांधलेले ८,००० टनांचे 'जलउषा' १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी पाण्यात उतरविले. १८९१ चे जुने जहाज विकत घेणारी पेढी तीस वर्षांच्या आत स्वतः जहाज बांधू लागली. विलायतेचा जो मार्ग सोडावा लागला होता, तोही स्वातंत्र्यानंतर पुन्हा धरला.

उतार का लागला?

इतका मोठा ताफा पुढे टिकला नाही, हेही सांगितलेच पाहिजे. माल सुटा चढविण्या-उतरविण्याचा जमाना जाऊन लोखंडी कंटेनरचा जमाना आला. सिंदियाची जहाजे जुन्या पद्धतीची होती. १९८० नंतर जगभर जहाजांच्या भाड्यात मंदी आली. भाडे घटले, पण कर्जाचे हप्ते आणि व्याज घटले नाही. ताफा आटत गेला आणि देशातली एके काळची सर्वांत मोठी खासगी जहाज कंपनी धंद्यातून बाहेर पडली.

त्याच मुंबईत १९४८ साली शेठ आणि भिवंडीवाला या दोन व्यापारी घराण्यांनी ग्रेट ईस्टर्न शिपिंग काढली. तिचीही सुरुवात एका जुन्या जहाजाने झाली. त्याचे नाव ठेवले 'जग विजय'. ती कंपनी आजही चालू आहे आणि तिची जहाजे अजून 'जग' नावानेच ओळखली जातात. तेजीत जुने जहाज विकणे आणि मंदीत भाव उतरला की घेणे, या रीतीसाठी ती ओळखली जाते.

आमच्यासाठी काय?

पहिला धडा : पहिल्या वर्षाचा तोटा सोसण्याइतकी रक्कम बाजूला ठेवूनच नवे दुकान किंवा नवा माग घालावा. दुसरा : फार स्वस्त भाव देणारा कोणाला संपविण्यासाठी देत आहे, हे पाहावे. ट्रान्सपोर्टवाला असो की घाऊक माल देणारा, जो सूट रोखून ठेवतो तो आपले हात बांधतो. अशी रक्कम वहीत 'येणे' म्हणून धरू नये. तिसरा : कमी ताकदीत झालेला तह ही हार नव्हे, त्या मुदतीत काय कमावले ते महत्त्वाचे. चौथा : तेजीच्या भरात कर्ज काढून यंत्रे वाढवू नयेत. मंदीत भाव पडतात, हप्ता पडत नाही. आणि जुने यंत्र वेळीच बदलले नाही तर तेच गळ्यातला दगड होते.

टाटा लाईन परक्याच्या ताकदीने जितकी बुडाली, तितकीच आपल्या व्यापाऱ्यांच्या दीड रुपयाच्या मोहाने बुडाली. आपल्या बाजारात एखादा होतकरू कारागीर किंवा छोटा वाहतूकदार उभा राहत असेल, तर चार पैसे कमी-जास्त न पाहता त्याला थोडे काम द्यावे. तो टिकला तर उद्या भाव ठरविताना बाजारात दोन माणसे असतील, एक नाही.