बधिर ओठाची राखण

दाढेच्या दुखण्यासाठी मुलास शेंद्र्याहून शहरात, घाटीच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात अथवा एखाद्या खासगी दवाखान्यात नेण्याचा प्रसंग पुष्कळ घरांवर येतो. सुईची धास्ती सर्वांसच असते. परंतु सुईनंतरच्या तीन-चार तासांची काळजी फारच थोडे लोक करितात. ओठास व गालास इजा होते ती बहुधा त्याच वेळात, परतीच्या वाटेवर किंवा घरी पोहोचल्यावर.

हे कसे घडते ते पाहू. स्वीडनमध्ये १९४३ साली निल्स लोफग्रेन यांनी तयार केलेले लिग्नोकेन हे औषध दंतवैद्य आजही सर्रास वापरितात. ते मज्जातंतूंत सोडियमच्या कणांचा प्रवेश रोखते. त्यामुळे वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. सोबत मिसळलेले ॲड्रिनलिन रक्तवाहिन्या आकुंचित करून औषधास जागच्या जागी टिकविते. दाताची बधिरता सुमारे तासाभरात ओसरते. ओठ, गाल व जीभ यांची मात्र तीन ते पाच तासही राहते. खालच्या जबड्याच्या मागील बाजूस सुई दिली असता त्या बाजूचा अर्धा ओठ आणि बहुधा अर्धी जीभही निजते. चावण्याचे स्नायू मात्र जागेच! दात पूर्ण जोराने मिटतात, आणि त्यांच्यामध्ये ओठ सापडला आहे हे सांगणारा कोणी उरत नाही.

लहान मुलास तो ओठ सुजल्यासारखा, परका वाटतो. मग ते तो चोखते, चघळते, नखाने ओरबाडते. त्यास त्यात गंमतच वाटते. अशा वेळी आरसा दाखवावा, म्हणजे ओठ होता तसाच आहे हे त्याच्या डोळ्यांस पटते. भूक लागली तरी जालना रस्त्यावर बिस्किटांचा पुडा फोडू नये. गरम चहा तर मुळीच देऊ नये, कारण चटका बसलेला कळत नाही. पाणी किंवा गार दूध घोटघोट पाजावे. थोरल्या विद्यार्थ्यांनी धाकट्या भावंडाजवळ बसून गोष्ट सांगावी. ओठ टोचून ‘कळते का?’ असे विचारण्याचा खेळ करू नये.

इतके करूनही ओठ चावला गेलाच, तर दुसऱ्या दिवशी तो फुगतो व त्यावर पांढुरका थर धरतो. लगेच ‘सुई पिकली’ अशी बोलवा उठते. तो बहुधा पू नव्हे. जखम भरून येताना धरणारा थर होय. तो खरवडू नये, त्यावर हळद चेपू नये, घरात उरलेल्या गोळ्याही देऊ नयेत. ओठास व्हॅसलीन लावावे, तिखट टाळावे. चूळ थुंकता येणाऱ्या मुलास दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करावयास लावाव्यात. एक-दोन आठवड्यांत जखम भरते. ताप आला, सूज वाढत गेली, रक्त थांबेना, किंवा दुसऱ्या दिवशीही बधिरता कायम राहिली, तर मुलास विनाविलंब दंतवैद्याकडे परत न्यावे.