पत्रांची अमानत

[ई-मेल म्हणजे संगणकावरून येणारे-जाणारे पत्र. ही पत्रे पोहोचवण्याचे काम मोठ्या कंपन्या करतात, तसेच काही ठिकाणी मूठभर स्वयंसेवकही करतात. त्यांचे काम कसे चालते व त्यात कोणती जबाबदारी असते, हे या पाठात सांगितले आहे.]

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. रेल्वेने येणारा माणूस मलकापूरला उतरतो. तेथून मोताळ्यावरून येऊन राजूरचा घाट चढावा लागतो. मुंबईत टाकलेले कागदी पत्र आपल्या दारी येईपर्यंत काही दिवस जातात. ई-मेल मात्र काही क्षणांत येतो. त्याला घाट चढावा लागत नाही. पण टपालघर त्यालाही लागते. हे टपालघर म्हणजे रात्रंदिवस चालू असलेला एक संगणक. त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात.

अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवून दाखवले. आपल्याकडे १९८६ साली मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि आय. आय. टी. या दोन संस्थांमध्ये ई-मेल सुरू झाला. या कामात डॉ. श्रीनिवासन रमाणी यांचा मोठा वाटा होता.

हौशी माणसेही मागे नव्हती. १९८४ साली टॉम जेनिंग्ज यांनी अमेरिकेत ‘फिडोनेट’ सुरू केले. लोकांनी आपल्या घरातील संगणक आणि टेलिफोन या कामासाठी दिले. रात्री टेलिफोनचे दर कमी असत. म्हणून एक संगणक रात्री दुसऱ्याला फोन लावी आणि दिवसभराची पत्रे त्याच्या हवाली करी. हे सारे लोक पदरमोड करून काम करत. पगार कोणालाच नव्हता.

आज असे काम करायचे तर काय करावे लागेल? समजा, बुलढाण्यातील पाच मित्रांनी एका वाचनालयाच्या सभासदांसाठी ई-मेल सेवा सुरू केली. प्रथम त्यांना एक नाव नोंदवावे लागेल आणि त्याची फी वेळच्या वेळी भरावी लागेल. फी चुकली, तर सर्वांचे पत्ते एकाच दिवशी बंद पडतील. वीज गेली, तर काय? पाठवणारा संगणक पत्र लगेच टाकून देत नाही. तो साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. तेवढ्या वेळात सर्व्हर सुरू झाला, तर पत्र वाचते. साठवलेली पत्रे मात्र एकाच ठिकाणी ठेवून चालत नाही. त्यांची प्रत दुसरीकडे ठेवावी लागते, कारण यंत्र कधी बिघडेल याचा नेम नसतो.

खरा त्रास चोरांचा असतो. एखाद्या सभासदाचा पासवर्ड चोराच्या हाती लागला, तर तो एका रात्रीत हजारो फसवी पत्रे पाठवतो. मग इतर सर्व्हर त्या सेवेवर विश्वास ठेवत नाहीत आणि तिची सगळीच पत्रे नाकारतात. एकाच्या निष्काळजीपणाची शिक्षा सर्वांना होते. गेलेला विश्वास परत मिळवायला स्वयंसेवकांना कित्येक दिवस खपावे लागते.

याहून मोठी कसोटीही येते. इटलीत स्वयंसेवकांनी २००१ साली ‘ऑटिस्टिची’ नावाची सेवा सुरू केली. २००४ साली तेथील पोलिसांनी एका तपासात तिच्या सर्व्हरवरील मजकुराची नक्कल करून घेतली. चालकांना याचा पत्ताही नव्हता. वर्षभराने, २००५ साली, त्यांना ते कळले. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही. आपल्या लोकांना ती उघडपणे सांगितली. नंतर त्यांनी आपली यंत्रणा नव्याने बांधली आणि सर्व्हर वेगवेगळ्या देशांत ठेवले.

गावाला जाताना आपण शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवतो. शेजाऱ्याला दार उघडता येते, तरीही तो ते उघडत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याचेही तसेच आहे. बऱ्याचदा सर्वांची पत्रे त्याला वाचता येतील अशी असतात. ती न वाचणे हे त्याचे पहिले काम. सेवा बंद करायची झाली, तर लोकांना आधी सांगून त्यांची पत्रे त्यांच्या हाती देणे हे शेवटचे काम. फुकट काम करतो म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही. दुसऱ्याचे पत्र ही अमानत आहे, आणि अमानत जशी घेतली तशीच परत करायची असते.

शब्दार्थ
अमानत – विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू, ठेव
स्वयंसेवक – मोबदला न घेता काम करणारा
हवाली करणे – सोपवणे
पदरमोड करणे – स्वतःचे पैसे खर्च करणे
नेम नसणे – खात्री नसणे
खपणे – खूप कष्ट करणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सर्व्हर म्हणजे काय?
(आ) फिडोनेटचे संगणक रात्रीच फोन का लावत?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) साठवलेल्या पत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी लागते.
(आ) एकाच्या निष्काळजीपणाची शिक्षा सर्वांना होते.

प्र. ३. ‘पदरमोड करणे’ व ‘हवाली करणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ४. तुमच्याकडे कोणी विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूविषयी पाच-सहा ओळी लिहा.