ठिणगीची वेळ

कला शाखेच्या वार्षिकांकात इंजिनाचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु शून्य कोठे मानावे हा प्रश्न जितका गणिताचा तितकाच तर्कशास्त्राचाही आहे. तो मला एका जुन्या कार्ट-इंजिनाने शिकविला, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९५६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे टू-स्ट्रोक इंजिन बसवून पहिली गो-कार्ट तयार केली. १९५९ मध्ये लाकूड कापण्याच्या यांत्रिक करवती बनविणाऱ्या मॅक्‌कुलक कंपनीने खास कार्टसाठी इंजिन काढले. त्या काळच्या अशा इंजिनांत मॅग्नेटो वीज निर्माण करतो आणि पॉइंट उघडताच ठिणगी पडते. आपल्याकडील जुन्या राजदूत व येझदी मोटरसायकलींतही पॉइंट असत.

ठिणगी पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर पडत नाही, थोडी आधी पडते. कारण मिश्रण पेटून दाब वाढण्यास वेळ लागतो. मिनिटाला ६००० फेऱ्या होत असतील, तर २० अंश फिरण्यास सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग पुरतो. ठिणगी उशिरा पडली तर शक्ती वाया जाते व इंजिन तापते. फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब त्याला विरोध करतो, खडखड होते आणि पिस्टनचा माथा जळतो.

हे मी पुस्तकात वाचले नाही, पाहिले. गेल्या उन्हाळी सुट्टीत मामांच्या गॅरेजात एका हौशी गृहस्थांचे जुने कार्ट-इंजिन आले होते. प्लगच्या छिद्रातून पाहून मी वरचा बिंदू नजरेने ठरविला व टायमिंग बसविले. इंजिन जोरात चालले, आणि थोड्याच वेळात बंद पडले. पिस्टनला भोक पडले होते. तसा पिस्टन बाजारात मिळेना. मामा एवढेच म्हणाले, “वर गेल्यावर पिस्टन थांबल्यासारखा वाटतो. तिथं डोळ्यावर विसंबू नकोस.”

त्यांचे म्हणणे गणिताने पडताळता येते. स्ट्रोक ५० मिलिमीटर आणि कनेक्टिंग रॉड १०० मिलिमीटर धरला, तर वरच्या बिंदूपासून क्रँक ५ अंश फिरूनही पिस्टन जेमतेम ०.१२ मिलिमीटर खाली येतो. एवढा फरक डोळ्याला कसा दिसणार?

यावर उपाय सोपा आहे. क्रँकला कोनमापक चकती लावावी, जवळ तारेचा काटा स्थिर करावा आणि अंदाजाने शून्य धरावे. प्लगच्या जागी पिस्टनला अडविणारा बोल्ट बसवावा. क्रँक हाताने हळूच एका बाजूस फिरवावा, पिस्टन अडला की आकडा लिहावा. मग उलट बाजूस फिरवून दुसरा आकडा लिहावा. समजा, एकीकडे ४६ व दुसरीकडे ३८ आले. त्यांतील फरक ८, त्याचे निम्मे ४. म्हणजे आपले शून्य ४ अंशांनी चुकले होते, आणि खरे शून्य ४६ च्या बाजूला आहे. पिस्टन जिथे अडतो तिथे तो वेगाने सरकत असतो, म्हणून ही खूण पक्की असते.

त्यानंतर बोल्ट काढून आधी पॉइंटमधील फट निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने ठरवावी. हा क्रम मोडू नये, कारण फट वाढविली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग बदलते. मग कॉइलची तार सोडवून पॉइंटला बॅटरी व छोटा दिवा जोडावा. इंजिन चालण्याच्या दिशेने क्रँक फिरवावा, दिवा विझतो तोच ठिणगीचा क्षण. तो पुस्तिकेतील अंशावर येईपर्यंत मॅग्नेटोची प्लेट सरकवावी. क्रँकच्या उलट दिशेने सरकविल्यास ठिणगी लवकर पडते. स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा तपासावे, कारण आवळताना प्लेट हलते.

माझा हात चुकला नव्हता. सर्व मोजमाप नीट केले होते, फक्त जेथून मोजायचे ते स्थान मी गृहीत धरले होते. मित्रहो, निबंध असो वा इंजिन, गृहीतकाकडे दोन्ही बाजूंनी जाऊन पाहावे.