आयएनआरचा आकडा आणि तंत्रज्ञावरचा ठपका

रक्त गोठण्याच्या चाचण्यांपैकी प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजेच प्रयोगशाळांत सर्वांच्या तोंडी असलेली पीटी, ही चाचणी करायला सोपी आणि तिचा अहवाल द्यायला अवघड आहे, ही गोष्ट वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात ठासून सांगितली जात नाही आणि त्याची किंमत पुढे नोकरीत तंत्रज्ञालाच मोजावी लागते. सायट्रेट रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे त्यात घेतलेले रक्त गोठत नाही. अशा रक्तातून प्लाझ्मा वेगळा करायचा, तो ३७ अंश सेल्सिअसवर आणायचा, त्यात थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम घालायचे आणि फायब्रिनची गुठळी धरेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचे, एवढीच तिची कृती आहे. आर्मंड क्विक या अमेरिकी संशोधकाने १९३५ मध्ये मांडलेली ही पद्धत तत्त्वतः आजही तशीच चालते.

अडचण आहे ती थ्रॉम्बोप्लास्टिनची. हा पदार्थ कधी सशाच्या मेंदूतून काढलेला असतो, तर कधी जनुकीय तंत्राने तयार केलेला असतो, आणि प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी असल्यामुळे एकाच रुग्णाच्या प्लाझ्म्याला दोन किटांवर वेगवेगळे सेकंद लागतात. रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या रुग्णाचा डोस या आकड्यावर ठरत असल्याने ही तफावत जिवावर बेतू शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआर ही सर्वत्र सारखी वाचता येणारी मोजणी स्वीकारली. तिच्यासाठी थ्रॉम्बोप्लास्टिनच्या प्रत्येक लॉटला आयएसआय नावाचा संवेदनशीलतेचा निर्देशांक ठरवून दिलेला असतो. रुग्णाच्या सेकंदांना निरोगी व्यक्तींच्या सरासरी सेकंदांनी भागून जे गुणोत्तर येते, त्याचा आयएसआयइतका घात काढला की आयएनआर मिळतो. अहवालावरचा आयएनआर हा मोजलेला आकडा नसून काढलेला आकडा आहे, आणि तो काढताना वापरलेला आयएसआय चुकीचा असेल, तर हाताने केलेले काम कितीही निर्दोष असले तरी अहवाल चुकतो.

हे उदाहरणाने स्पष्ट होते. रुग्णाचा पीटी २६ सेकंद आणि निरोगी सरासरी १३ सेकंद असेल, तर गुणोत्तर २ येते. किटाचा आयएसआय १.० असल्यास आयएनआर २.० होतो आणि १.४ असल्यास तोच २.६ होतो. निरोगी माणसाचे गुणोत्तर मात्र १ च्या आसपास असते आणि १ चा कितीही घात काढला तरी उत्तर १ च येते, त्यामुळे आयएसआय चुकीचा भरलेला असला तरी शस्त्रक्रियेपूर्वी तपासणीला आलेल्या धडधाकट माणसांचे अहवाल बिनचूक दिसतात आणि चूक नेमकी त्याच रुग्णांच्या अहवालात लपून राहते, ज्यांच्यासाठी ही चाचणी मुख्यतः केली जाते. प्रयोगशाळेत रोज फक्त नॉर्मल कंट्रोल लावला जात असेल, म्हणजे ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा निरोगी पातळीचाच नमुना तपासला जात असेल, तर तो कंट्रोलही काही बोलत नाही.

प्रस्तुत लेखिका ज्या खासगी प्रयोगशाळेत गोठण-चाचण्यांचा विभाग सांभाळत होती, तिथे हेच घडले. पुरवठादाराकडे नेहमीचे किट संपल्यामुळे त्याने दुसऱ्या कंपनीचे किट पाठवले. थर्मोकोलच्या पेटीतून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवताना डब्यातील घडीची माहितीपत्रिका उघडून बारीक अक्षरांतला लॉट नंबर आणि आयएसआय पाहणे हा तिचा नित्याचा क्रम होता. जुन्या किटाचा आयएसआय १.४ होता आणि नव्याचा १.०. यंत्र फक्त सेकंद देत असे आणि आयएनआर संगणकातील अहवाल-प्रणाली काढत असे. त्या प्रणालीतील आयएसआयची नोंद बदलण्याचा पासवर्ड संचालकांनी स्वतःकडे ठेवला होता. लेखिकेने किटाच्या नोंदवहीत दोन्ही आकडे लिहिले, नोंद बदलण्याची विनंती लेखी केली आणि किमान २० निरोगी व्यक्तींच्या नमुन्यांवरून नवी सरासरी काढावी लागेल, तसेच वाढलेल्या पातळीचा दुसरा कंट्रोल मागवावा लागेल, हेही त्याच कागदावर नमूद केले. त्यावर, “मॅडम, सेकंद मशीन मोजतंय, त्यात किट बदललं म्हणून काय बिघडतं?” असे उत्तर मिळाले. नव्या सरासरीचा आणि दुसऱ्या कंट्रोलचा खर्च नाकारण्यात आला. आयएसआयबाबत पुन्हा विचारल्यावर मात्र, “बदललाय, तुम्ही काम सुरू करा,” असे सांगण्यात आले.

त्यानंतर मायट्रल झडपेच्या जागी धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या आणि असेनोकुमारॉल हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या एका रुग्णाचा अहवाल २.६ असा गेला. अशा झडपेसाठी आयएनआर साधारण २.५ ते ३.५ या मर्यादेत ठेवला जातो, त्यामुळे डोस न बदलण्याचा निर्णय वैद्यकीय दृष्ट्या योग्यच ठरला असता. सुदैवाने नातेवाइकांनी दुसऱ्या शहरात तपासणी करून घेतली आणि तिथे तो २.० आला, म्हणजे झडपेवर गुठळी धरण्याचा धोका असलेल्या मर्यादेत. डॉक्टरांनी डोस वाढवला, रुग्णाला इजा झाली नाही, आणि दोन्ही अहवाल हातात घेऊन नातेवाईक काउंटरवर आले.

राखून ठेवलेला नमुना नसल्यामुळे त्या क्षणी हाताशी होती ती केवळ कामाची नोंदवही. तिच्यात त्या रुग्णाचे दोन वेळा मोजलेले सेकंद लिहिलेले होते, दोन्ही वेळा २६, आणि सरासरी १३. लेखिकेने साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर २ चा १.० घात काढला, मग १.४ घात काढला, आणि दुसरे उत्तर छापील अहवालाशी जुळले. वहीच्या त्याच पानावरील औषध घेणाऱ्या आणखी तीन रुग्णांचे हिशेब करून पाहिले असता तिन्ही जुन्याच आयएसआयशी जुळले आणि मधल्या सर्व निरोगी व्यक्तींच्या ओळींत १.० च्या आसपासचे आकडे शांतपणे बसलेले होते. प्रणालीतली नोंद बदललेलीच नव्हती. “बदललाय” हा शब्द खोटा होता, आणि तो खोटा आहे हे कळण्याची सोय तंत्रज्ञाला मुद्दाम दिलेली नव्हती.

नंतर जे घडले ते या चुकीपेक्षा अधिक गंभीर आहे, असे लेखिकेचे ठाम मत आहे. हिशेब समोर मांडल्यावरही संचालकांनी नातेवाइकांना “टेक्निशियनचं पिपेटिंग चुकलं” असे सांगितले. त्याच संध्याकाळी पासवर्ड वापरून नोंद दुरुस्त केली गेली आणि दुसऱ्या दिवशी लेखिकेच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. उरलेल्या तीन रुग्णांना सुधारित अहवाल पाठवावेत, ही तिची मागणी दोनदा लेखी केल्यानंतरच मान्य झाली. अहवालांवर ज्या पॅथॉलॉजिस्टची सही होती ती स्कॅन करून ठेवलेली सही होती, आणि ते गृहस्थ त्या काळात प्रयोगशाळेत आलेलेच नव्हते. अहवाल पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरने प्रतिस्वाक्षरित केलेला असला पाहिजे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी गुजरातमधील प्रयोगशाळांच्या प्रकरणात मान्य केली आहे. तिचा अर्थ कागदावर सही उमटणे असा लावणारे मालक अडचणीच्या वेळी हात वर करतात आणि खापर फुटते ते सर्वांत कमी पगार घेणाऱ्या माणसाच्या डोक्यावर.

या क्षेत्रात येणाऱ्यांनी यातून घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे नोंद. किटाचा लॉट नंबर, आयएसआय, बाटली उघडल्याची तारीख, मोजलेले सेकंद आणि निरोगी सरासरी ही माहिती संगणकाबरोबरच स्वतःच्या हस्ताक्षरात वहीत असलीच पाहिजे, कारण संगणकातील नोंद दुसऱ्याला बदलता येते. प्रत्येक नवे किट लागू करताना औषध घेणाऱ्या एका रुग्णाचा आयएनआर कॅल्क्युलेटरवर काढून छापील अहवालाशी ताडून पाहावा. निरोगी नमुन्यावर हा पडताळा करण्यात अर्थ नाही, याचे कारण वर आलेच आहे. तोंडी तक्रार ही तक्रार नव्हे, ती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

दुसरी गोष्ट नमुन्याची. निळ्या झाकणाच्या नळीत ३.२ टक्के सायट्रेट असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण त्यात गृहीत धरलेले असते, त्यामुळे अर्धवट भरलेली नळी आली तर सायट्रेट जास्त होऊन वेळ खोटा लांबतो. अशी नळी, कितीही मोठ्या डॉक्टरांचा फोन आला तरी, परत पाठवावी. रक्त कमी पडले म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीतून थोडे ओतून निळी नळी भरणारे कर्मचारी असतात आणि त्यांना ते चूक आहे हे ठाऊकही नसते. जांभळ्या नळीतील ईडीटीए कॅल्शियम बांधते आणि त्या नमुन्याचा अहवाल निरर्थक होतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा, ५५ टक्क्यांहून अधिक असल्यास प्लाझ्मा कमी असतो, म्हणून सायट्रेटचे प्रमाण कमी करून नमुना घ्यावा लागतो. कलेक्शन सेंटरवरून दुचाकीवर बर्फाच्या पिशव्यांत येणाऱ्या निळ्या नळ्या हा सर्रास आढळणारा प्रकार आहे, आणि तोही घातक आहे, कारण थंडाव्याने रक्त गोठवणारा सातवा घटक सक्रिय होऊन पीटी कमी दिसू शकतो. पीटीचा नमुना खोलीच्या तापमानाला २४ तास चालतो, एपीटीटी या दुसऱ्या गोठण-चाचणीचा साधारण ४ तास. हेपरिन हे रक्त गोठू न देणारे औषध चालू असलेल्या लाइनमधून घेतलेले रक्त शक्यतो नाकारावे.

शिक्षणाविषयी सांगण्यासारखे नवे फारसे नाही. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेची मान्यता तपासावी, जाहिरातींवर विसंबू नये आणि पदविकेवर न थांबता पदवी घ्यावी. संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने किमान २००० तासांच्या शिक्षणावर संलग्न व्यावसायिक आणि किमान ३६०० तासांच्या पदवीवर आरोग्यसेवा व्यावसायिक असा भेद केला आहे, आणि पुढील बढत्यांत तो भेद मोजला जाईल. नोंदणी वेळेवर करावी.

नोकरीच्या मुलाखतीत पगाराबरोबर चार प्रश्न विचारायला संकोच करू नये: अहवालावर सही कोण करते आणि ती व्यक्ती प्रत्यक्ष येते का, कंट्रोल किती पातळ्यांचे लावले जातात, प्रयोगशाळा बाह्य गुणवत्ता पडताळणीत भाग घेते का, आणि अहवाल-प्रणालीतील आयएसआय तंत्रज्ञाला पाहता येतो का. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमार्फत गोठण-चाचण्यांसाठी अशी बाह्य पडताळणी चालवली जाते. तिच्यात भाग घेणाऱ्या प्रयोगशाळेला आपला आकडा इतरांच्या तुलनेत कुठे बसतो हे कळते, आणि ज्या मालकाला ते कळून घ्यायचे नसते, त्याच्याकडे काम करू नये. ज्यांना या विषयातच पुढे जायचे आहे त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणचे काम जरूर पाहावे. ग्रामीण रुग्णालयात जाणाऱ्यांनाही हा विषय सुटत नाही. घोणस किंवा फुरसे चावलेल्या रुग्णाचे रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का हे पाहण्याची चाचणी प्रतिविष देण्याचा निर्णय ठरवते, आणि तिथे प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरल्यास चांगले रक्तही न गोठलेले दिसू शकते.

आयएनआर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती आहे. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत असे दिसल्यास तंत्रज्ञाच्या हाताविषयी शंका घेण्यापूर्वी दोन्हीकडून सेकंद, निरोगी सरासरी, लॉट नंबर आणि आयएसआय मागवून घ्यावेत; हे चार आकडे अहवालावर छापणे बंधनकारक करण्याची मागणी त्यांनी आपल्या संघटनांमार्फत करावी. लेखिकेने नोटिशीला नोंदवहीच्या पानांच्या प्रती जोडून लेखी उत्तर दिले आणि नंतर ती नोकरी सोडली. ती नोटीस आजतागायत मागे घेतली गेलेली नाही.