शेजारधर्म

शेजारच्या घरून वाटीभर विरजण आले, तर ती वाटी रिकामी परत पाठवू नये, अशी मराठी घरांतील जुनी रीत आहे. वाटीत चार फोडी गुळाच्या का होईनात, पण काही तरी घालून ती परत केली जाते. अशा देवघेवीने शेजार टिकतो आणि घेणाऱ्याचा मानही राहतो. जी रीत दोन घरांची, तीच दोन देशांचीही असू शकते. भारत आणि भूतान यांच्यातील विजेची देवघेव हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

भूतान हा हिमालयाच्या कुशीत वसलेला चिमुकला देश आहे. त्याच्या उत्तरेस हिमाच्छादित शिखरे आहेत, तर दक्षिणेस भारताची सपाट मैदाने पसरली आहेत. पंडित जवाहरलाल नेहरू १९५८ साली भूतानला गेले, तेव्हा तेथवर मोटारीचा रस्ता नव्हता. उंच खिंडी ओलांडून, जनावरांच्या पाठीवर बसून त्यांना तो प्रवास करावा लागला. पुढील काही वर्षांत भारताच्या साहाय्याने सीमेवरील फुंत्शोलिंगपासून थिंफूपर्यंत रस्ता झाला. त्या रस्त्यामागून वीज आली.

भूतानचे खरे धन म्हणजे पर्वतावरून वेगाने धावणाऱ्या नद्या. परंतु हे धन हाती घेण्यास लागणारा पैसा आणि तंत्रज्ञ त्या देशापाशी नव्हते. भारतापाशी ते होते. शिवाय त्याला विजेची गरजही होती. १९७४ साली दोन्ही देशांनी करार केला आणि वांगछू नदीवर चुखा येथे वीजकेंद्र उभारण्याचे ठरले. ‘छू’ म्हणजे पाणी. खर्चाच्या दर शंभर रुपयांपैकी साठ रुपये भारताने अनुदान म्हणून दिले आणि चाळीस रुपये कर्ज म्हणून. १९८६ ते १९८८ या काळात केंद्राची यंत्रे सुरू झाली आणि १९९१ साली ते भूतानच्या स्वाधीन करण्यात आले.

चुखा केंद्राची शक्ती ३३६ मेगावॅट आहे. शंभर वॅटचे दहा हजार दिवे एकाच वेळी उजळण्यास एक मेगावॅट वीज लागते, यावरून या शक्तीची कल्पना येईल. नदीचे पाणी अडवून ते बोगद्यातून डोंगराच्या पोटात नेले जाते. उंचावरून खाली येणाऱ्या त्या पाण्याच्या आघाताने प्रचंड चक्रे फिरतात आणि वीज निर्माण होते. काम संपताच पाणी पुन्हा नदीला मिळते. त्याच पाण्यावर पुढे ताला येथे १,०२० मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. २०१९ साली मांगदेछू नदीवरील ७२० मेगावॅटच्या केंद्राचे उद्घाटन झाले.

पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात. तेव्हा भूतानला स्वतःपुरती वीज ठेवूनही पुष्कळ उरते. ती तारांवरून भारतात येते आणि तिचा मोबदला भूतानच्या तिजोरीत जमा होतो. विजेचा दर दोन्ही देश चर्चेने ठरवतात. हिवाळ्यात मात्र उंचावरील पाणी गोठते, नद्या रोडावतात आणि नेमकी त्याच वेळी थंडीमुळे भूतानमधील विजेची गरज वाढते. अशा वेळी भारत भूतानला वीज पुरवतो. तारा त्याच, प्रवाह मात्र उलटा! देणारा घेणारा होतो आणि घेणारा देणारा.

या कामात संकटेही कमी नाहीत. १९९४ साली हिमनदीजवळचे एक सरोवर फुटून पुनाखाच्या खोऱ्यात पूर आला व अनेकांचे प्राण गेले. २०१३ साली पुनात्सांगछू नदीवरील एका धरणाजवळचा डोंगरउतार खचला आणि ते काम वर्षानुवर्षे रखडले. निसर्गाची मर्यादा ओळखूनच त्याच्याकडून शक्ती घ्यावी लागते. देशाच्या किमान साठ टक्के भूमीवर सदैव वन राहील, असे भूतानच्या २००८ सालच्या संविधानात लिहिलेले आहे. वनांनी माती धरून ठेवली, तरच नद्या निर्मळ वाहतील आणि चक्रे फिरत राहतील.

एकाने लावलेला दिवा दुसऱ्याच्या अंगणातही उजेड पाडतो. नेपाळ आणि बांगलादेश यांच्या सीमा एकमेकींना भिडत नाहीत. मध्ये भारताची भूमी आहे. तरीही २०२४ साली तिन्ही देशांत करार झाला आणि त्याच वर्षी भारताच्या तारांवरून नेपाळची ४० मेगावॅट वीज बांगलादेशात पोहोचली.

देश लहान असो वा मोठा, प्रत्येकापाशी देण्यासारखे काही असते आणि प्रत्येकाला कशाची तरी उणीव असते. हे ओळखून जे एकमेकांची वाटी भरून परत पाठवतात, त्यांचाच शेजार टिकतो.

स्वाध्याय
१. वांगछू नदीच्या पाण्यापासून वीज कशी निर्माण होते?
२. ‘तारा त्याच, प्रवाह मात्र उलटा’ असे का म्हटले आहे?
३. विजेसाठी भूतानला वने राखणे का आवश्यक आहे?