मनू, कट-पेस्ट करू नकोस

काल रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हा मला वाटलं घरी काही झालं. आणि तू रडवेल्या आवाजात सांगतेस काय, तर "ताई, सी ड्राइव्ह लाल झालीय." मी हसले, तू चिडलीस. चुकलंच माझं. सबमिशन तोंडावर आलेलं असताना रेविटची फाइल सेव्ह होईना की पोटात कसा गोळा येतो, ते मला ठाऊक आहे गं. झोपेच्या भरात "एक एक्स्टर्नल एसएसडी घेऊन टाक" म्हणाले आणि फोन ठेवला. सकाळी चहा गाळताना वाटलं, हे अर्धवट सांगणं झालं. म्हणून बसून लिहितेय. मध्येच माझं एक जुनं रडगाणं येईल. ते वगळून पुढे जाऊ नकोस.

आधी एक कर, आजच्या आज ऑर्डर करू नकोस. आहे ते घर आवर. दिवाळी आली की आईला नवं कपाट घ्यायची हुक्की येते आणि बाबा म्हणतात, आधी माळ्यावरच्या रिकाम्या बरण्या काढ, तसंच. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज उघड. कोण किती जागा खातंय ते तिथे पट्ट्या-पट्ट्यांनी दिसतं. माझी पैज आहे, तुझ्या डाउनलोड्समध्ये एकाच पीडीएफच्या कंसात एक, कंसात दोन, कंसात तीन अशा प्रती निघतील. रेविटची तर खोडच आहे, दर सेव्हला मागची फाइल ०००१, ०००२ असे आकडे लावून बाजूला ठेवायची. चालू प्रोजेक्टच्या राहू देत, गेल्या वर्षीच्या कशाला? ऑटोकॅडच्या बॅक फाइली, विंडोजचं मोठं अपडेट झाल्यावर मागे राहिलेला 'विंडोज डॉट ओल्ड' आणि व्हॉट्सॲपवरून उतरलेले लग्नाचे व्हिडिओ, हे सगळं बघ. रिसायकल बिन रिकामी करायला विसरू नकोस. केरसुणी फिरवून केर दाराआड लोटल्यासारखं होतं नाहीतर.

तू विचारलंस, २५६ जीबीचा लॅपटॉप घेतला तर विंडोज २३८ च का दाखवतं. आपण डोंबिवलीकर, बिल्टअप आणि कार्पेट हे पाळण्यात असल्यापासून ऐकतो, म्हणून तुला लगेच फसवणुकीचा वास आला. इथे मात्र बिल्डर चोर नाही, मोजपट्ट्या दोन आहेत. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. एक टीबीचा ड्राइव्ह घेशील तो ९३१ जीबी दिसेल. तेव्हा दुकानदाराशी भांडू नकोस.

आणि काठोकाठ भरेपर्यंत थांबायचंही नाही. एसएसडीत जुन्या अक्षरावर नवं अक्षर गिरवता येत नाही. आधी अख्खा कप्पा पुसावा लागतो, मग लिहायचं. त्यासाठी तिला हाताशी मोकळी जागा लागते. ओट्यावर भांड्यांचा ढीग असला की पोळ्या लाटायला किती वेळ लागतो, तितकाच वेळ तुझा लॅपटॉप लावतोय. पाच-सहा हिश्शांतला एक हिस्सा रिकामा राहील असं बघ.

आता कोणीतरी तुला सांगेल, बाहेरचा कशाला, पोटातलीच एसएसडी मोठी करून घे. सल्ला वाईट नाही. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते, एका स्क्रूवर बसते, बदलता येते. काहींत तर दुसरा स्लॉट रिकामाच असतो. काही बारीक लॅपटॉपमध्ये आणि आताच्या मॅकबुकमध्ये मात्र चिप बोर्डावरच डाखलेली असते, तिथे काही करता येत नाही. तुझ्यात बदलता येत असेलही. पण वॉरंटी चालू आहे आणि सबमिशन दारात उभं आहे. अशा वेळी कोणाला मागचं झाकण उघडू द्यायचं नाही. सुट्टीत बघू.

तर बाहेरचा. हार्ड डिस्क स्वस्त पडते, खरं आहे. पण तिच्या आत तबकडी फिरते आणि वर सुई हलते. पीएमपी बसच्या गर्दीत सॅकला कोपर बसलं की तिचं काही खरं नाही. वेगही सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीच्या आसपास. एसएसडीत हलणारं काहीच नसतं. वजन पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे खिशात टाकलीस तर विसरशील. (विसरू नकोस.) एक टीबी घे. पाचशे घेतलीस तर पुढच्या वर्षी थिसिसच्या वेळी हाच फोन पुन्हा येईल, आणि दोन टीबीचे पैसे आत्ता घालायची गरज नाही.

खोक्यावर वेगाचे आकडे असतील, त्यांच्या नादी फार लागू नकोस, पण एवढं समजून घे. यूएसबी-सी हा नुसता तोंडाचा आकार आहे. त्यामागे काय आहे ते आकारावरून कळत नाही. जो आधी यूएसबी ३.० होता तोच पुढे ३.१ जेन १ झाला आणि मग ३.२ जेन १. तीन बारशी झाली, वेग तोच, सेकंदाला ५ गिगाबिट. ही नावं ठेवणारी आत्या कोण होती देव जाणे. जेन २ म्हणजे १० गिगाबिट, जेन २ बाय २ म्हणजे २०. तुझ्या लॅपटॉपचं पोर्ट दहाचं असेल, तर वीसचा ड्राइव्ह लावूनही दहाच मिळणार. तुझ्या कामाला दहाचा पुरे. तो सेकंदाला हजारेक एमबी वाचतो. लिहिताना, एकदम शे-दोनशे जीबी ओतलेस तर स्वस्तातले ड्राइव्ह मध्येच दमतात आणि वेग धपकन खाली येतो. त्यात बिघडलं काही नाही, त्यांची चपळ जागा भरलेली असते. हाताला गरम लागेल, तेही चालतं; फक्त गादीवर, उशीखाली ठेवून कॉपी लावू नकोस.

केबलबद्दल मात्र मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण नव्वद टक्के रड तिथली असते. (नव्वद हा आकडा माझा, अनुभवाचा.) ड्राइव्हबरोबर वीतभर लांबीची, जाडसर केबल मिळते. आखूड म्हणून ती ड्रॉवरमध्ये जाते आणि आपण फोनच्या चार्जरची लांब, मऊ केबल लावतो. दोन्हीकडची तोंडं हुबेहूब तीच. पण चार्जरच्या बहुतेक केबली आतून यूएसबी २ च्या असतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम चाळीस एमबी. चाळीस जीबीचा फोल्डर बरोबरच्या केबलने मिनिटभरात जातो. चार्जरच्या केबलने सतरा मिनिटं. मी एकदा आठवडाभर ड्राइव्हला शिव्या घालत होते. शेवटी केबल बदलली आणि स्वतःचीच लाज वाटली. तेव्हापासून खऱ्या केबलला काळा दोरा बांधून ठेवलाय. शेजारच्या काकूंना वाटतं दृष्ट काढलीय.

ऑनलाइन बघशील तेव्हा '१६ टीबी, फक्त अठराशे रुपये' असलं काही समोर येईल. हात लावू नकोस. आत बहुधा एक मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि खोटं बोलायला शिकवलेली एक चिप. ती लॅपटॉपला सोळा टीबी सांगते, तूही फाइली टाकत राहतेस, नावं सगळी दिसतात. साठ-सत्तर जीबीनंतर उघडायला गेलीस की एकही उघडत नाही. चांगल्या कंपनीचा, बिल मिळेल अशा ठिकाणी घे. लॅमिंग्टन रोडवरून आणून दे म्हणालीस तरी चालेल. आणि घेतल्या-घेतल्या 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालव. ते ड्राइव्ह पूर्ण भरतं आणि भरलेलं परत वाचून बघतं. दोन-तीन तास जातील, जाऊ देत.

फॉरमॅटचा प्रश्न तुमच्या ग्रुपमधल्या त्या मॅकवालीमुळे येणार. एनटीएफएस असलेला ड्राइव्ह मॅक वाचतो, त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालायला हवा तर एक्सफॅट ठेव. त्याचा तोटा असा की लिहिता-लिहिता केबल ओढली तर तो एनटीएफएसपेक्षा लवकर घोळ घालतो. म्हणून खालच्या कोपऱ्यातलं इजेक्ट दाबायचं, 'आता काढा' म्हणेपर्यंत थांबायचं. हॉस्टेलमध्ये ड्राइव्ह टेबलावर पडून असणार, तर पासवर्डही लाव. बिटलॉकर लावायची सोय विंडोजच्या होम आवृत्तीत नसते, पण बऱ्याच ड्राइव्हबरोबर कंपनीचं स्वतःचं कुलूप येतं. पासवर्ड विसरलीस तर कोणीही उघडून देऊ शकणार नाही, तेव्हा तो मलाही कळवून ठेव.

आता माझं रडगाणं.

तू तेव्हा नववीत होतीस. मी एका दिवाळी अंकाची मांडणी करत होते, दोनशेच्या वर पानं. ऑक्टोबर, छपाईला चार दिवस, लॅपटॉप तुझ्यासारखाच लाल. नवी कोरी एसएसडी आणली, अंकाचा अख्खा फोल्डर कट केला, तिच्यावर पेस्ट केला. लॅपटॉपवर शंभर जीबी मोकळे झाले आणि मला असं हलकं वाटलं म्हणून सांगू! तीन दिवस मजेत काम केलं. चौथ्या दिवशी सकाळी केबल जोडली, आणि काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. (आवाज एसएसडी कधीच करत नाही, तेच तर. हार्ड डिस्क मरायच्या आधी बिचारी टकटक तरी करते.) केबल बदलली, पोर्ट बदललं, जिजूंचा लॅपटॉप लावला. डेटा काढून देणाऱ्या एकाकडे गेले. त्याने उघडून बघितलं, मान हलवली. हार्ड डिस्कचा बोर्ड गेला तर तबकडी तरी उरते. एसएसडीतला मुख्य कंट्रोलर गेला की चिपमधले तुकडे जुळवायचे कसे, हे त्या कंट्रोलरलाच माहीत असतं. तो गेला, किल्ली गेली.

वॉरंटी होती. महिन्याभराने नवा ड्राइव्ह घरपोच आला. रिकामा. वॉरंटी वस्तूची असते, आतल्या पानांची नसते, हे त्या कागदावर आधीपासूनच छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. अंक निघाला, कारण संपादकांना तपासायला पाठवलेल्या पीडीएफ मेलमध्ये होत्या. त्यांवरून तीन रात्री जागून पानं पुन्हा लावली. एका कथेची दुरुस्त प्रत मात्र राहून गेली आणि जुन्या चुकांसकट छापली गेली. त्या लेखिका बाई अजूनही माझ्याशी जरा तुटकच बोलतात.

तेव्हा समजलं की मी बॅकअप घेतलाच नव्हता. एका घरातला एकुलता एक डाग दुसऱ्या घरात नेऊन ठेवला होता, इतकंच. तू आता हेच करणार आहेस, म्हणून एवढं लांबण लावलं. ड्राइव्ह बाहेर आहे म्हणजे दुसरी प्रत आहे, असं मन आपोआप धरून चालतं. फोटोग्राफर मंडळींत पीटर क्रोघ नावाच्या एकाने रूढ केलेला हिशोब आहे, तीन-दोन-एक: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुला तीन जमणार नाहीत, दोन तरी जमव. सुरू असलेलं काम लॅपटॉपवरच राहू दे आणि रात्री झोपण्याआधी ड्राइव्हवर कॉपी कर. संपलेल्या सेमिस्टरचं काम खुशाल ड्राइव्हवर हलव, पण तिसरीकडे त्याची प्रत आहे ना ते बघूनच इथलं काढ. फायनल शीट्स आणि थिसिसचा मजकूर गूगल ड्राइव्हवर टाक. फुकटचे पंधरा जीबी जीमेल आणि फोटोंसकट असतात, पण एवढ्याला पुरतात. रेविट, फोटोशॉप ही सॉफ्टवेअर सी मध्येच राहू देत, ती बाहेर हलवायच्या भानगडीत पडू नकोस. आणि चुकून काही पुसलंस तर तेवढ्यापुरतं त्यावर आणखी काही लिहू नकोस. मात्र एसएसडीवरून पुसलेलं परत मिळेलच याची आशा हार्ड डिस्कपेक्षा बरीच कमी. जपानमध्ये फुजिओ मासुओका यांनी तोशिबात असताना एसएसडीतली ही मेमरी शोधून काढली, तेव्हा एका झटक्यात सगळं पुसलं जाताना बघून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. फ्लॅश मेमरी हे नाव त्या पुसण्यावरून पडलंय, लिहिण्यावरून नाही.

पास झाल्यावर ड्राइव्ह कपाटात टाकून वर्षानुवर्षं विसरायचा नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. आतली अक्षरं म्हणजे कोंडून ठेवलेला विजेचा भार असतो, तो हळूहळू झिरपतो, उकाड्यात जास्त. वर्षातून दोन-तीनदा जोडून फाइली उघडून बघायच्या.

माझी जुनी एक टीबीची हार्ड डिस्क आहे ना, ती कुरकुरणारी, तिच्यावर 'मनू' नावाचा फोल्डर करून ठेवलाय. रविवारी येतेस तेव्हा नवा ड्राइव्ह घेऊन ये, आणि आखूड केबल विसरू नकोस.