ट्रॉलीचा भार आणि ट्रॅक्टरची पुढची चाके

प्रश्न : खर्डी परिसरात विटांनी भरलेली दोनचाकी ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टर पुढून उचलतो, परदेशी ट्रकांसारखा भार विभागणारा हूक बसवावा काय?

उत्तर : दोनचाकी ट्रॉलीच्या वजनाचा काही हिस्सा दांड्यातून ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलवर पडतो आणि पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगचा ताबा सुटू लागतो. ताणलेल्या पट्ट्यांच्या जोरावर हा भार पुढच्या चाकांकडे व ट्रॉलीच्या चाकांकडे वळवणारी ती जोडणी अमेरिकेत पिकअपमागे कॅरॅव्हान ओढण्यासाठी बनली असून, बांधावरून वरखाली होणाऱ्या ट्रॅक्टरला ती मानवत नाही. ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर असावा, हा रूढ दंडक भरलेली ट्रॉली जोडून, फक्त पुढची चाके वजनकाट्यावर चढवून पडताळता येतो. भार कमी भरल्यास पुढे वजने बसवावीत आणि विटांचा ढीग ट्रॉलीच्या ॲक्सलकडे सरकवावा, मात्र तो फार मागे नेल्यास दांडाच वर उचलला जातो. दांडा मागच्या ॲक्सलपेक्षा उंच जोडणे सर्वांत घातक, कारण तेव्हा ओढीच्या जोरानेच ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. कसारा घाटाच्या उतारावर प्रश्न ब्रेकचा असतो आणि तो कोणत्याही हुकाने सुटत नाही. तेथे ट्रॉलीतला माल कमी करणे हाच उपाय आहे.